नखाएवढे राजे

"हात पुढं कर," मामा म्हणाले.

मी हात पुढं केला. त्यांनी कापडी पिशवीची गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर ओली वाळू ओतली. वाळूत काळपट हिरवे, चपटे खडे होते. करंगळीच्या नखाएवढे.

"काय हाय सांग."

"खडे."

"नीट बघ."

मी अंगठ्यानं वाळू बाजूला सारली. एक खडा उलटला आणि त्याच्यावर मला कान दिसला. माणसाचा कान, आणि त्याच्यामागं डोक्याला बांधलेला मोत्यांचा दुहेरी सर.

"मामा, ह्याच्यावर माणूस हाय!"

"माणूस न्हवं, राजा हाय. रोमचा. सोळाशे वर्षं झाली त्याला मरून." मामांनी माझ्याकडं पहिल्यांदाच निरखून पाहिलं. "मला भिंगातनंसुद्धा कान दिसला नव्हता."

आतून आत्तींचा आवाज आला, "पोरीच्या लग्नाला तीन महिनं झालं न्हाईत आणि तिला कशाला त्या चिखलात घालताय?"

आमच्या कोल्हापूरकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्ती. माझे मामा म्हणजे विश्वनाथ मुरदंडे, इचलकरंजीतले सुताचे दलाल. घरामागच्या शेडमध्ये आमचे आठ माग होते. ते माझे यजमान सुधाकर बघत. मामा दर दोन महिन्यांनी मिरजेहून रेल्वेनं सूत बघायला तमिळनाडूत करूरला जायचे. त्या गावात नदी आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथली माणसं पात्रातली वाळू चाळत बसतात. त्यांच्या चाळणीत कधी सोनाराच्या भट्टीतला कण येतो, कधी जुनं नाणं. जुन्या काळी रोमची जहाजं मिऱ्यांसाठी त्या मुलखात येत. सोन्याचांदीची नाणी निघाली की लोक तिथल्या तिथं उचलायचे. ही काशाची बारकी नाणी, रोमच्या पडत्या काळातली, कुणी विचारत नव्हतं. मामा तीच गोळा करायचे.

"सोन्याचं नाणं आंधळापण ओळखतो," ते म्हणायचे. "ह्याला नजर लागती."

नजर त्यांची तेव्हा उतरणीला लागली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरत होता. शिवाय नाण्यांची पुस्तकं सगळी इंग्रजीत. मामा सातवी पास. मी रबकवीच्या विणकराची मुलगी असले तरी बारावीला इंग्रजीत वर्गात पहिली आलेली. कॉलेजचा फॉर्म भरायच्या आठवड्यात माझं लग्न ठरलं होतं. म्हणून त्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की मी मामांच्या खोलीत बसायला लागले.

त्यांनी मला सगळं शिकवलं, हे मी आजही नाकारणार नाही. नाणी बॅटरीत घालायच्या पाण्यात भिजत ठेवायची, आठवड्यानं पाणी बदलायचं. महिन्या-दोन महिन्यांनी माती सुटली की डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावायचं आणि बाभळीच्या काट्यानं अक्षर-अक्षर मोकळं करायचं. एका नाण्याला कधी तीन आठवडे लागत. मग आधी नाक यायचं, मग हनुवटी, मग कडेनं नावातली चार-पाच अक्षरं. मागच्या बाजूला कधी घोड्यावरून पडलेल्या शत्रूला भाला मारणारा शिपाई, कधी दोन पोरांना पाजणारी लांडगीण, कधी केसाला धरून कैद्याला ओढत नेणारी पंखांची बाई. तिच्या पायाखालच्या रेघेखाली टांकसाळीच्या गावाची दोन-तीन अक्षरं. मी पुस्तकाशी ताडून वाचायचे, "मामा, हा आर्केडियस. अँटिओकचा." मामा मान डोलवायचे. मी कागदाची पुडी करून त्यावर राजाचं नाव, टांकसाळ, वजन लिहायचे. दोन वर्षांत चारशे अकरा पुड्या झाल्या. सगळ्या माझ्या अक्षरातल्या.

मूलबाळ होत नव्हतं. गल्लीतल्या बायका विचारायच्या. त्या खोलीत मला कुणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात एका दुपारी लाईट गेली आणि गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. इचलकरंजीत अशी शांतता फार क्वचित होते. मी खिडकीशी तीन नाणी शेजारी-शेजारी मांडून बसले होते. तिन्हींवर ती कैद्याला ओढणारी बाई. पण कडेची अक्षरं म्हणजे नुसत्या काड्या, लिहिता न येणाऱ्यानं बघून-बघून ओढलेल्या. अशी नाणी मामा 'रद्दी' म्हणून वेगळ्या डब्यात टाकायचे. भिंगातून बघता-बघता मला पहिल्या नाण्यावर राजाच्या हनुवटीखाली केसासारखी बारीक, वर उठलेली रेघ दिसली. दुसरं घेतलं. तीच रेघ, त्याच जागी. तिसरं घेतलं.

"मामा, हा ठसा भेगाळला होता."

"कसला ठसा?"

"ही नाणी ज्यानं पाडली तो. ही तिन्ही एकाच ठशातली आहेत. ठशाला भेग पडली की नाण्यावर अशी रेघ उठते, बघा."

मामांनी भिंग लावलं, काढलं, पुसलं, परत लावलं. त्यांना दिसत नव्हतं. मी त्यांचं नख धरून त्या रेघेवरून फिरवलं. तेव्हा कळलं त्यांना.

"मग? त्यात काय एवढं? ठशातनं हजार नाणी पडतात."

"हजार पडतात आणि सगळ्या मुलखात पांगतात. रोममध्ये पाडलेली असती तर त्यातली तीन एकाच नदीत कशी सापडली असती? आणि रोमच्या कारागिराला अक्षर येत नाही असं होईल? ही तिकडनं आलीच नाहीत मामा. ही इथंच पाडलीत. त्या नदीच्या काठाला."

मामांनी उरलेली दोन्ही नाणी नखानं चाचपली. मग म्हणाले, "रद्दीचा डबा काढ."

संध्याकाळपर्यंत आम्ही तो डबा उपसला. चौदा नाणी निघाली. तीन भेगाळलेल्या ठशांतली चौदा. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी," ते म्हणाले, "तुझ्या डोळ्यांत देव हाय."

माझ्या आयुष्यात त्याच्याइतका चांगला दिवस दुसरा आला नाही.

त्या चौदा नाण्यांवरचा निबंध मीच लिहिला. मामा सांगत गेले असं म्हणायचं तर ते दोन वाक्यं सांगत आणि मी दोन पानं लिहीत असे. भेगेची रुंदी मी केसाशी मोजून लिहिली. हिवाळ्यात पुण्याला नाणी जमवणाऱ्यांचं संमेलन होतं. मामा मला बरोबर घेऊन गेले. कुणी इंग्रजीत विचारलं तर सांगायला कुणीतरी हवं होतं.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मामांनी निबंध वाचला. दोनदा अडखळले, कारण माझं अक्षर बारीक होतं. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठून म्हणाले, "मुरदंडे, आम्ही तीस-तीस वर्षं ही नाणी हाताळतोय. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. तुम्हाला हे दिसलं कसं?"

मामांनी चष्मा काढला. आता ते माझ्याकडं बोट दाखवतील म्हणून मी पदर सावरला.

"मी विणकराचा पोरगा," मामा म्हणाले. "तुटका धागा मला लांबनं दिसतो."

केवढ्या टाळ्या पडल्या!

जेवणाच्या वेळी त्या गृहस्थांनी माझ्याकडं बघून विचारलं, "या कोण?"

"सूनबाई. डब्या पुसती, कागद चिकटवती. घरात करमत न्हाई तिला." सगळे हसले. मीही हसले. पानातली जिलबी मी बाजूला सारली.

चार महिन्यांनी त्या संमेलनाचं छापील पुस्तक आलं. शेवटच्या पानावर मामांनी आभार मानले होते. करूरच्या वाळू चाळणाऱ्या मुत्तूचे. लॉजच्या मॅनेजरचे. फोटो काढून देणाऱ्या स्टुडिओवाल्याचे. डोळ्यांच्या डॉक्टरांचे. मी ते पान तीनदा वाचलं. मग पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेले. मामा जेवत होते. आत्ती वाढत होत्या.

"मामा, ह्यात माझं नाव न्हाई."

"मुरदंडे म्हणून छापलंय की. तू वेगळी कोण?"

"मुत्तूचं हाय."

मामांनी घास खाली ठेवला. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत.

"तुला वाचता येतं म्हणून वाचायला दिलं. उद्या मागच्या शेडमधला माग म्हणंल, कापड माझं. त्याचं नाव घालू मी कापडावर?"

आत्तींनी त्यांच्या ताटात आमटी वाढली.

"उद्यापासनं कपाटाला हात लावायचा न्हाई," मामा म्हणाले. "शेडात बस. कांड्या भरायला बाई मिळंना झालीय."

दुसऱ्या दिवसापासून मी कांड्या भरायला बसले. मागाच्या धोट्यात घालायच्या त्या नळ्या. चाकावर एक लावायची, सूत गुंडाळून भरली की काढायची, दुसरी लावायची. आठ माग खटखटत असतात. काही बोललेलं ऐकू येत नाही. नाकातोंडात कापसाची धूळ जाते. मी सुधाकरांना एकदा सांगून बघितलं. ते म्हणाले, "बाबांच्या खोलीतलं मला काय सांगू नगंस." ते वाईट नव्हते. त्यांना फक्त मागाची भाषा कळत होती.

कांड्या भरता-भरता पाच महिने गेले. मग मुंबईहून पत्र आलं. तिथल्या एका संग्रहालयाला मामांची नाणी हवी होती. 'विश्वनाथ मुरदंडे संग्रह' अशी पाटी लावून वेगळं कपाट ठेवणार होते. बघायला नाण्यांच्या अभ्यासातले एक डॉक्टर आणि फोटोग्राफर येणार होते. खाली सही होती, एस. आठल्ये. मामांनी ते पत्र गल्लीत सगळ्यांना दाखवलं. इंग्रजीत होतं म्हणून वाचून द्यायला मला शेडमधून बोलावलं. मी उभ्यानं वाचून दाखवलं आणि परत कांड्यांवर जाऊन बसले.

पाहुणे गुरुवारी कोल्हापूर स्टेशनवर उतरणार होते. मामा बुधवारी दुपारीच कोल्हापूरला बहिणीकडं गेले, सकाळी त्यांना जीपमधून घेऊन यायला. ते गेल्यावर आत्तींनी मला हाक मारली.

"हेमा, उद्या मोठी माणसं येणार. देव, समया, तांबे घासून काढ. आणि त्यांच्या कपाटातलंबी जरा पुसून घे. धूळ बसली असंल." त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"मामांनी हात लावू नको म्हटलंय."

"पुसायला कशाचं हात लावणं? उद्या काळीमिट्ट दाखवतील लोकांला. माझी लाज जाईल."

मी किल्ली घेतली. परसात चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात शेरभर चिंच टाकली, दोन मुठी मीठ टाकलं. आधी देव घासले, मग समया, मग तांबे. मग मामांच्या खोलीत गेले. कपाटाचे खण एकामागून एक काढले. पुड्या सोडल्या. चौदा बाजूला ठेवून बाकीची सगळी नाणी पातेल्यात टाकली. ती तळाशी गेली तेव्हा पाऊस पडल्यासारखा आवाज आला. पुड्यांचे कागद मी गोळा केले आणि बंबात घातले.

ह्याला आता पस्तीस वर्षं होतील. मामा, आत्ती, सुधाकर, तिघंही नाहीत. गल्लीतल्या जुन्या बायकांना ही गोष्ट अजून आठवते. सासऱ्याची नाणी चमकवायला गेलेली भोळी सून म्हणून त्या हसतात. मीही तशीच सांगत आले. खरं काय ते मी पहिल्यांदाच सांगते आहे.

मला ठाऊक होतं.

खोलीत बसायला लागले त्याच्या पहिल्याच आठवड्यात मामांनी सांगितलं होतं, की हा हिरवा पापुद्रा म्हणजेच नाणं. जमिनीखाली सोळाशे वर्षांत धातूवर ही कातडी आली आणि राजाचं नाक, डोळा, नाव सगळं या कातडीत उतरलं. खालच्या धातूवर काही उरलेलं नसतं. आंबट लागलं की कातडी गेली. "पोटच्या पोराला जपावं तसं जप," ते म्हणाले होते.

तीन तासांनी मी पातेल्यात हात घातला. पाणी हिरवंगार झालं होतं. एकेक नाणं काढून राखेनं आणि काथ्यानं घासत गेले. अंगठा फिरला की चेहरा जायचा. थिओडोसियसचं कपाळ गेलं. होनोरियसचे ओठ गेले. भाला गेला, घोडा गेला, लांडगीण आणि तिची दोन पोरं गेली. मला वाईट वाटलं असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला बरं वाटेल. पण नाही वाटलं. शेवटी ती चौदा राहिली. ती मी वेगळी ठेवली होती. त्यांना भिजवलं नव्हतं. एकेक करून, भिंगातून शेवटचं बघून, ती भेग कुठं आहे ते बघून, त्या भेगेवरच आधी चिंचेच्या पाण्यात बुडवलेला काथ्या घासला.

रात्री दहाच्या सुमाराला सगळं झालं. पितळेच्या परातीत चारशे अकरा गुलाबी टिकल्या चमकत होत्या.

"अगं बाई!" आत्ती म्हणाल्या. "सोन्यावाणी झाली की गं!" त्यांनी कौतुकानं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

गुरुवारी अकराला जीप आली. आम्ही आठल्ये म्हणजे पुरुष समजत होतो. उतरल्या त्या पंचेचाळिशीच्या बाई. कापलेले करडे केस, सुती साडी, खांद्याला शबनम. मागं कॅमेऱ्याची पेटी घेतलेला एक मनुष्य. मामांनी आल्या-आल्या कपाट उघडलं असतं, पण आत्तींनी आधी चहा घ्यायला लावला. मी ट्रे घेऊन दाराशी उभी होते.

"मुरदंडे, तुमचा तो निबंध," आठल्येबाई म्हणाल्या, "मी आमच्याकडच्या नाण्यांशी ताडून बघितला. आमच्याकडं श्रीलंकेतून आलेली काही आहेत. तुमचं म्हणणं बरोबर आहे. असले नकली ठसे तिकडंही होते."

मामा हात जोडून हसले.

"एक विचारू? रागावू नका. त्या भेगेचं माप दिलंय तुम्ही. केसाच्या निम्मं. पुण्याच्या लोकांकडून कळलं, तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "हे दुसऱ्या कुणीतरी पाहिलंय. कुणी पाहिलं?"

मामांचं हसू तसंच राहिलं.

"मी दोष द्यायला विचारत नाही हो. मला तो माणूस पाहिजे. आमच्याकडं एक जागा आहे. पदवी नसली तरी चालेल, मी शिकवीन. अशी नजर शिकवून येत नाही."

मी ट्रे घेऊन एक पाऊल पुढं टाकलं. बश्या वाजल्या. मामांनी माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाईंकडं वळून म्हणाले, "हाय एक माणूस. आधी नाणी बघा. मग सांगतो."

त्यांनी सांगितलं असतं का? मी ह्याचा हजारदा विचार केला आहे. कधी वाटतं सांगितलं असतं. कधी वाटतं वेळ मारून नेत होते. आता ते कुणालाच कळणार नाही.

मामा उठले आणि त्यांनी कपाटाचा वरचा खण ओढला. रिकामा. दुसरा ओढला.

"अहो, तिथं कुठं शोधताय?" आत्ती आतून परात घेऊन आल्या. चेहरा फुललेला. "हेमानं काल सगळी घासली. बघा तरी, कशी लखलखायलीत!"

आत्तींनी परात टेबलावर ठेवली. खिडकीतून ऊन येत होतं, ते परातीवर पडून छतावर थरथरलं. आठल्येबाईंचा हात तोंडाकडं गेला. फोटोग्राफर पेटी उघडत होता, त्यानं ती परत बंद केली. आत्ती एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

मामांनी परातीतून एक टिकली उचलली. बोटांनी चाचपली, उलटली, परत चाचपली. मग खुर्चीत बसले.

"हेमलता, इकडं ये."

लग्नानंतर त्यांनी मला पूर्ण नावानं कधी हाक मारली नव्हती. मी ट्रे ठेवून त्यांच्यासमोर गेले.

"हे काय होतं?"

"नाणं."

"कुणाचं?"

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्या धुरकट डोळ्यांना सगळं दिसलं होतं. चिंच, बंब, काथ्या, सगळं.

त्या नाण्याची एक कड तुटलेली होती. चेहरा गेला तरी कड तशीच राहते. तीन आठवडे मी बाभळीच्या काट्यानं त्याचा कान मोकळा केला होता. आर्केडियस. अँटिओक. एक ग्रॅम आणि वर थोडं.

"ठाऊक न्हाई," मी म्हणाले.

मामांनी ते ठेवलं आणि दुसरं उचललं. ते लांबट होतं, चिंचोक्यासारखं. "हे?"

व्हॅलेंटिनियन. "ठाऊक न्हाई, मामा."

"हे?"

"ठाऊक न्हाई."

"मुरदंडे, राहू द्या," आठल्येबाई म्हणाल्या. "तिला काय विचारता?"

"न्हाई बाई. तुम्ही म्हणालात न्हवं, माणूस पाहिजे? बघू तरी घरात कोण निघतंय का." ते परातीत बोट फिरवत होते. चौदांतलं एक त्यांना बोटानं सापडलं. ती नाणी इतरांपेक्षा जाड होती. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. "हे नीट बघ. घाई न्हाई. हे काय होतं, कुठं पाडलं, कशावरनं कळलं, ह्यांना सांग."

मला सगळं सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं असतं तर आठल्येबाईंना पहिल्या वाक्याला कळलं असतं की तो माणूस कोण. आणि दुसऱ्या वाक्याला हेही कळलं असतं, की जिला इतकं कळतं तिनं हे चुकून केलेलं नाही. मामांनी दोन्ही माझ्या हातावर एकदम ठेवलं होतं आणि ते वाट बघत होते.

"मला यातलं काय कळत न्हाई, मामा."

"मोठ्यानं सांग. बाईंना ऐकू गेलं नसंल."

"मला यातलं काही कळत नाही."

आत्ती रडायला लागल्या. "माझंच चुकलं," त्या म्हणत होत्या, "मीच किल्ली दिली." त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही.

"ऐकलंत?" मामा आठल्येबाईंना म्हणाले. "तुम्ही विचारलंत तो माणूस मीच. तेव्हा दिसत होतं. आता दिसत न्हाई."

बाईंनी मान खाली घातली. त्यांनी शबनममधून वही काढली होती, ती परत ठेवली. फोटोग्राफर केव्हाच बाहेर जीपशी जाऊन उभा राहिला होता.

जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. मी उंबऱ्याशी होते. मामा आत खुर्चीतच होते, पण दार उघडं होतं आणि त्यांचं तोंड आमच्याकडं होतं. बाईंनी माझा हात हातात घेतला. चिंचेनं माझी बोटं चिरली होती. त्यांनी ती बोटं पाहिली आणि त्यांचे डोळे भरले.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी शिकवलंच नाही, त्यात तुमचा काय दोष?"

मी मान हलवली.

त्या जीपमध्ये बसल्या. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली, इंजिन घुरघुरून बंद पडलं. त्यानं परत फिरवली. परत बंद पडलं. बाई खिडकीतून माझ्याकडं बघत होत्या. मी दहा पावलांवर उभी होते. मामाही बघत होते, मला पाठीत जाणवत होतं. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. जीप गल्लीच्या टोकाला वळली आणि मागांच्या खटखटाटात तिचा आवाज ऐकू येईनासा झाला.

मी आत आले. मामांनी परात बाजूला सरकवली होती.

"कपबश्या उचल," ते म्हणाले, "आणि कांड्यांवर बस. सुधाकरचे दोन माग थांबल्यात."